उद्यमनगर, कोल्हापूर इथलं गिअरबॉक्सचं गॅरेज: बाहेरगावच्या गाडीवाल्यांनी वाचा

पाचपैकी साडेचार द्यायचे होते, इथे अर्धा स्टार देता येत नाही म्हणून चार दिलेत. अर्धा कशाला कापला ते पुढे येईलच, पण आधी कामाचं सांगते, कारण हे वाचणारे अर्धे लोक बहुतेक आंबा घाटात नाहीतर गगनबावड्याला गाडीच्या बाजूला उभे राहून मोबाईलमध्ये गॅरेज शोधत असतील. गाडी पेट्रोल, फ्रंट व्हील ड्राइव्ह, पाच गिअरची मॅन्युअल, नव्वद हजाराच्या पुढे चाललेली. पाचवा गिअर आतमध्ये जाम झाला. कंपनीच्या वर्कशॉपने पूर्ण गिअरबॉक्स बदलायला लागेल म्हणून १ लाख ४ हजारांचं एस्टिमेट हातात दिलं, इथे तोच गिअरबॉक्स उघडून २१ हजार ४०० मध्ये झाला आणि गाडी जळगावला स्वतःच्या पायांनी आली. आता सविस्तर.

आम्ही जळगावचे. दिवाळीनंतर मुलाला सुट्टी होती म्हणून आई-पप्पांना घेऊन गणपतीपुळ्याला गेलो होतो, मिस्टर ऑफिसमुळे आले नाहीत, गाडी मीच चालवत होते. परत येताना रत्नागिरी, पाली, नाणीज, साखरपा करत आंबा घाट चढून कोल्हापूर, अंबाबाईचं दर्शन आणि मग घर असा प्लॅन. पाली सोडल्यापासूनच चौथ्या-पाचव्यात एक बारीक कुंईऽऽ असा आवाज येत होता, ॲक्सिलरेटर सोडला की कमी व्हायचा, मी टायरचा आवाज समजत होते कारण तिथे तेव्हा चौपदरीकरणाचं काम चालू होतं, रस्ता मध्येमध्ये असा काही होता की कुठला आवाज कशाचा ते कळत नव्हतं. घाट दुसऱ्या-तिसऱ्यात व्यवस्थित चढला. वर आंबा गाव गेलं, रस्ता मोकळा लागला, पाचवा टाकला आणि थोड्याच वेळात खालून खाड्कन आवाज, गाडीला जोरात झटका. क्लच दाबून कडेला घेतली. आता गंमत बघा, लिव्हर न्यूट्रलमध्ये येतोय, मस्त डावी-उजवीकडे हलतोय, पण क्लच सोडला की गाडी पुढे ओढतेय आणि बंद पडतेय. पहिला टाकायला गेलं तर टाकूच देत नाही. पप्पा म्हणाले क्लच गेला. मला ते पटत नव्हतं, क्लच गेला तर गाडी ओढणार नाही, ही तर ओढतेय.

उसाचे ट्रॅक्टर चालू झाले होते, दोन ट्रॉल्या लावलेला एक ट्रॅक्टरवाला थांबला, उतरला, बोनेटवर हात ठेवून म्हणाला "ताई, क्लच दाबून धरा, आमी ढकलतो", आणि मागच्या टेम्पोवाल्याला हाक मारून दोघांनी गाडी टपरीच्या सावलीत लावून दिली. हे लक्षात ठेवा, गिअरमध्ये अडकलेली गाडीसुद्धा क्लच दाबून धरला की ढकलता येते. आम्हाला माहीत नव्हतं, आम्ही उगाच लिव्हरशी झटापट करत होतो.

इन्शुरन्ससोबत जी रोडसाइड असिस्टन्स घेतलेली असते तिचा अनुभव. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण सगळ्यांचं साधारण सारखंच असणार. फोन लागला, मुलगी गोड बोलत होती, पण तिला आंबा घाट सापडेना. आधी अंबड, मग अंबरनाथ, मग "मॅम, ॲपमध्ये लोकेशन शेअर करा", ॲपला रेंज नाही. शेवटी टपरीवाल्या काकांनी फोन घेतला आणि "मलकापूरच्या अलीकडं, रत्नागिरी रोड, कोल्लापूरची गाडी पाठवा" असं तीन वेळा ओरडून सांगितलं तेव्हा काम झालं. गाडीतली प्रत्येक सीट उकरून झाली, मुलाने दोन पुडे बिस्कीट संपवले, दुपार सगळी तिथेच गेली. पण एक चांगलं, पाठवला तो फ्लॅटबेड पाठवला, म्हणजे अख्खी गाडी वर चढवून नेणारा ट्रक. मी फोनवर हट्टच धरला होता की पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढणार असाल तर नको. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीची पुढची चाकं फिरली की गिअरबॉक्स आतून फिरतो, आणि आत काहीतरी तुटलेलं असताना साठ-सत्तर किलोमीटर ते फिरवणं म्हणजे उरलंसुरलं दळून काढणं. ऑटोमॅटिकवाल्यांनी तर हे अजून पाळायला पाहिजे, तिथे इंजिन बंद असलं की गिअरबॉक्सच्या आतला तेलाचा पंपच फिरत नाही. माझ्या पॉलिसीत पहिले ५० किलोमीटर फुकट होते, वरच्या किलोमीटरचे वेगळे पैसे द्यावे लागले. तुमच्या पॉलिसीत किती आहेत ते घरीच बघून निघा. आणि राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३ हा नंबर पण आहे, तो फुकट आहे.

टो ट्रकच्या ड्रायव्हरने गाडी चढवतानाच विचारलं होतं, "कंपनीत टाकू का उद्यमनगरात मेस्त्रींकडं?" मी म्हटलं कंपनीत, परक्या गावात अजून कुठे जाणार. त्याने काही वाद घातला नाही, फक्त नंबर लिहून दिला.

कंपनीचं वर्कशॉप चकाचक, एसी, कॉफी मशीन, मुलासाठी कार्टून. दुसऱ्या दिवशी सकाळी ॲडव्हायजर आला आणि पहिला प्रश्न "सर आहेत का सोबत?" पप्पांकडे बघून बोलायला लागला, पप्पांना गाडीतलं हॉर्नच्या पलीकडे काही कळत नाही हे त्यांनीच सांगितलं तेव्हा माझ्याकडे वळला. तर त्याचं म्हणणं, गिअरबॉक्स आम्ही इथे उघडत नाही, असेंब्लीच म्हणजे अख्खा गिअरबॉक्सच बदलतो, असेंब्ली ८८ हजार, वर लेबर, तेल, सील, आणि पार्ट स्टॉकला नाही, ऑर्डर टाकल्यावर दहा-बारा वर्किंग डे. मी विचारलं आत नक्की काय तुटलंय? म्हणे ते उघडल्याशिवाय सांगता येणार नाही. उघडणार का? नाही, आम्ही उघडत नाही. हे उत्तर मी दोनदा ऐकलं. त्याची पण चूक म्हणणार नाही मी, त्याला वरून जे सांगितलंय ते तो बोलतोय, आणि असेंब्लीला वॉरंटी मिळते हेही खरं. पण काय तुटलंय हे न बघता लाखाचं काम मंजूर करायला सांगणं हे मला काही जमलं नाही. इन्शुरन्सचं पण विचारून झालं. तिथे सरळ आहे, अपघात नाही, पूर नाही, आपोआप झिजून तुटलेलं साध्या पॉलिसीत बसत नाही. इंजिन प्रोटेक्ट नावाची जी वरची ॲड-ऑन असते तिच्यात गिअरबॉक्स येतो, पण त्यातही खालून दगड लागून चेंबर फुटला, तेल गळालं आणि मग नुकसान झालं अशा गोष्टी बसतात, सील झिजून गळालं तर नाही.

मग त्या ड्रायव्हरने दिलेला नंबर लावला. इथून खरा रिव्ह्यू सुरू.

मेस्त्रींनी फोनवर तीन प्रश्न विचारले. लिव्हर न्यूट्रलला येतोय का? क्लच सोडला की गाडी ओढतीय का? बंद पडली तेव्हा कितवा होता? मी सांगितलं. म्हणाले "पाचवा शाफ्टला चिकटलाय ताई. गाडी चालू करू नगा, आहे तशी आणा." बस. फोनवर पैशाचं एक अक्षर नाही, "या, बघू" एवढंच.

उद्यमनगर ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी, हा कोल्हापूरच्या गावातलाच भाग आहे, एकाला एक लागून लेथ, फाउंड्री, ग्राइंडिंग, वेल्डिंग, गिअर कटिंग. एकेकाळी इथली ऑइल इंजिनं महाराष्ट्रभर विहिरींवर चालायची. ज्या गावात बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा इथल्याइथे बनवून घेतला, त्या गावात गिअरबॉक्स उघडायला कोण घाबरणार, असं माझे पप्पा म्हणाले आणि नंतर दिवसभर तेच वाक्य भेटेल त्याला ऐकवत होते. गॅरेज म्हणाल तर पत्र्याचं, आत दोन गाड्या मावतील एवढंच, बाहेर एक. पण बेंच स्वच्छ. मी मुद्दाम बघितलं. इंजिनचं काम एका बाजूला आणि गिअरबॉक्स उघडायचा बेंच वेगळा, त्यावर पांढरं कापड, मॅग्नेटचा ट्रे.

मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट म्हणजे टप्प्याटप्प्याने विचारून काम. मेस्त्री म्हणाले, या गाडीत पाचवा गिअर एकदम टोकाला असतो, त्याला वेगळं कव्हर असतंय, ते गिअरबॉक्स खाली न उतरवता निघतं. आधी तेवढंच काढू, १,२०० रुपये. आतला चुरा मागं गेला नसंल तर तिथल्या तिथं काम होईल, गेला असंल तर खाली घ्यायला लागंल, मग हे १,२०० त्यातच धरू. डावं चाक काढलं, आतलं प्लॅस्टिक काढलं, तेल सोडलं. तेल सोडलं म्हणजे काय, साधारण दोन लिटर यायला पाहिजे होतं, अर्धा लिटरच्या आसपास आलं. काळं, आणि उन्हात धरलं तर मिठाईवरच्या वर्खासारखी चमक. ड्रेन बोल्टच्या मॅग्नेटवर लोखंडाची दाढी आलेली. मला बोलावून दाखवलं, मुलाला पण दाखवलं, फोटो काढून घ्या म्हणाले.

कव्हर निघालं आणि सगळं समोरच दिसलं. पाचवा गिअर निळा-जांभळा पडलेला. बऱ्याच छोट्या गाड्यांमध्ये पाचवा टोकाला आणि वरच्या बाजूला असतो, तेल कमी झालं की सगळ्यात आधी तोच कोरडा पडतो, बाकीचे खालचे गिअर बुडलेले असतात म्हणून ते तग धरतात, घाट त्याच्यामुळेच चढला. कोरड्या पाचव्याच्या आतलं नीडल बेअरिंग, म्हणजे सुयांसारख्या बारीक रोलरचं बेअरिंग, तापलं, सुयांचा चुरा झाला आणि गिअर शाफ्टवर चिकटून बसला. म्हणून लिव्हर न्यूट्रलमध्ये असूनही गाडी पाचव्यातच. त्यात पहिला टाकायला गेलो तर एकाच वेळी दोन गिअर लागतात, गाडी जागेवर लॉक, म्हणून तो टाकूच देत नव्हता. कंपनीत जे "उघडल्याशिवाय कळणार नाही" होतं ते इथे चहा थंड व्हायच्या आत कळलं.

तेल गेलं कुठे? डाव्या ड्राइव्ह शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून चाकापर्यंत जाणारा दांडा) सीलमधून, म्हणजे तेल अडवणाऱ्या रिंगमधून. मागच्या वर्षी आमच्याकडे क्लचप्लेट बदलली तेव्हा ड्राइव्ह शाफ्ट काढून परत बसवला, तेव्हा सीलच्या ओठाला बारीक कट बसला असणार, मेस्त्रींनी सील काढून बोटाने तो कट दाखवला. थेंब थेंब गळत होतं, खाली प्लॅस्टिक असल्यामुळे पार्किंगमध्ये डाग पडत नव्हता. आमच्या त्या गॅरेजवाल्याशी काय बोलायचं ते मी बोललेय, तो विषय इथला नाही. पण तुम्ही क्लचचं काम करून घेतलं असेल तर महिन्याभराने गाडी वर घेऊन त्या सीलपाशी बोट फिरवून बघा, फुकटात होतं.

सुयांचा चुरा मागे गेला होता, त्यामुळे गिअरबॉक्स खाली घ्यावा लागला. इथे मी जरा टेन्शनमध्ये होते कारण खाली घेतला की "हे पण करून टाका, ते पण करून टाका" सुरू होतं हा जुना अनुभव. इथे उलटं. क्लचप्लेट हातात घेऊन मापून म्हणाले अजून भरपूर आहे, उगंच का बदलायची. प्रेशर प्लेट ठीक. क्लचचं रिलीज बेअरिंग मात्र बदला, पुन्हा एवढं खाली घ्यायचं म्हटलं तर लेबरच जास्त जाईल. पहिला ते चौथा सगळे गिअर, पितळी सिंक्रो रिंगा (गिअर सहज पडावा म्हणून असतात त्या) एकेक काढून, धुवून, गॅप तपासून परत ठेवल्या, एकही बदलली नाही. ज्याला खिसा कापायचा असता त्याला ही सोन्यासारखी संधी होती, परगावची बाई, सोबत म्हातारे आई-वडील, परत जायची घाई.

आता उद्यमनगराचा फायदा काय ते सांगते. शाफ्टवर गिअरच्या खाली एक बुश असते, जळाली ती बुश, शाफ्ट वाचला. पण ती बुश अशी घट्ट बसलेली की कुठलाच पुलर, म्हणजे ओढून काढायचं हत्यार, तिला पकडेना. मेस्त्रींनी मापं घेतली, शेजारच्या लेथवर जाऊन आले, आणि तिथल्या पोराने तेवढ्यासाठी एक पुलर टर्न करून दिला, ४०० रुपये. दुसऱ्या गावात या एका गोष्टीसाठी शाफ्ट बदला म्हणाले असते, आणि शाफ्ट म्हटलं की परत असेंब्लीच आली.

उशीर झाला तो टोकाच्या बेअरिंगमुळे. बेअरिंगचं मला काही माहीत नव्हतं, तिथे बसून बसून शिकले. साध्या बॉल बेअरिंगवर नंबर असतो, शेवटचे दोन आकडे ०४ किंवा त्याच्या पुढचे असतील तर ते गुणिले पाच केले की आतल्या भोकाचं माप मिलिमीटरमध्ये मिळतं, म्हणजे ६३०५ असेल तर २५. माझ्या मुलाने नंतर टेबलावर पडलेल्या सगळ्या बेअरिंगची भोकं सांगून टाकली. आमच्या बेअरिंगला बाहेरच्या रिंगवर सर्कलिपसाठी (बेअरिंग जागेवर धरून ठेवणारी स्प्रिंगची रिंग) एक खाच पाहिजे होती, बाजारात बिनखाचेचं लगेच मिळत होतं, खाचेचं नव्हतं. एक जण म्हणाला साधं घ्या, ग्राइंडरवर खाच मारून देतो. मेस्त्री तयार झाले नाहीत. कडक केलेली रिंग असते, त्यावर ग्राइंडर मारला की तापून जीव जातो आणि बारीक कण आत जातात, "पुण्यापर्यंत बी जाणार नाय". मग ते बेअरिंग बाहेरून मागवलं.

आणि इथेच अर्धा स्टार गेला. बेअरिंग आज येतंय, संध्याकाळी येतंय, उद्या सकाळी नक्की, असं चाललं. आलं नाही तर आलं नाही म्हणा ना, आम्ही लॉजचं त्याप्रमाणे ठरवतो. दर वेळी मीच फोन करायचा आणि मग कळायचं. लॉज सोडायची वेळ बारा, बॅगा भरलेल्या, आणि बारा वाजता "अजून पार्सलची गाडी आली नाय ताई". बाहेरगावच्या माणसाचं अख्खं गणित त्या एका फोनवर असतं हे त्यांना कोणीतरी सांगायला पाहिजे, म्हणून इथे लिहितेय. बसायला जागा नाही, एक प्लॅस्टिकची खुर्ची आहे, ती पप्पांना दिली. बायकांसाठी टॉयलेट नाही, आईला घेऊन प्रत्येक वेळी रिक्षाने लॉजवर. मेस्त्रींच्या मंडळी जवळच राहतात हे कळल्यावर त्यांनीच आईला घरी नेलं, "आक्का, हितंच जेवा" म्हणून जेवायला पण घातलं, तो त्यांचा चांगुलपणा, पण गॅरेजची सोय म्हणून धरता येत नाही. बाकी कोल्हापुरात अडकायचं वाईट वाटलं नाही, अंबाबाईचं दर्शन झालं, रंकाळा झाला, पांढऱ्या रश्शाबद्दल मत विचारू नका, आम्ही खान्देशातली माणसं, आमची जीभ शेवभाजीवर वाढलेली.

बेअरिंग आल्यावर मात्र काम पटापट आणि बघण्यासारखं. नवीन पाचवा गिअर जोडीने घेतला, त्याचा जोडीदार जुना ठेवला तर दोघांचे दात एकमेकांना लागत नाहीत आणि आवाज राहतो. हब, स्लीव्ह, रिंग नवीन. बेअरिंग हातोडीने ठोकलं नाही, शाफ्टच्या मापाचा पाइप लावून प्रेसवर बसवलं. पाचव्याचा नट टॉर्क रेंचने आवळला. दोन्ही बाजूंची ड्राइव्ह शाफ्ट सीलं नवीन, उजवी चांगली होती तरी, एवढ्या कमी पैशाच्या गोष्टीला परत का उघडायचं. शाफ्ट बसवताना सीलच्या ओठाला ग्रीस लावून सरळ आत सरकवला, आणि मला मुद्दाम हाक मारून दाखवलं की बघा, असा घालायचा असतो.

तेलावरून एक छोटी गोष्ट. दुकानातून पोरगा जीएल-५ ग्रेडच्या गिअर ऑइलचा डबा घेऊन आला, महाग होता म्हणून चांगला असेल असं त्याला वाटलं. मेस्त्रींनी परत पाठवला, जीएल-४ च आण. जीएल-५ मधली गंधक-फॉस्फरसची जास्तीची ॲडिटिव्हं मागच्या ॲक्सलच्या डिफरन्शियलसाठी असतात, पितळी सिंक्रो रिंगांना ती खातात असं त्यांचं म्हणणं, आणि गाडीच्या मॅन्युअलमध्ये पण जीएल-४ च लिहिलेलं निघालं, मी तिथेच उघडून बघितलं. तुमच्या मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते तुम्ही बघा. तेल भरताना गाडी चारही बाजूंनी सपाट उचलली आणि वरच्या भोकातून बाहेर सांडेपर्यंत भरलं, डिपस्टिक नसलेल्या गिअरबॉक्सची लेव्हल अशीच बघतात.

ट्रायल त्यांनी एकट्याने मारली नाही, मला चालवायला लावली आणि स्वतः बाजूला बसले. आधी हायवेला कागलच्या दिशेने, पाचव्यात, काच खाली करून, कान देऊन. कुंई पूर्ण बंद. मग म्हणाले चढावर बघू, जोतिबाच्या डोंगरावर घ्या. आई-पप्पा मागे बसलेले, त्यामुळे ट्रायलची ट्रायल आणि दर्शनाचं दर्शन, गाडीत अजून गुलाल सापडतोय. खाली आल्यावर गाडी परत वर घेऊन सगळी सीलं बोटाने तपासली, कोरडी.

बिलाचं. खोलून-बसवून लेबर ६,५००, पाचव्याचा पूर्ण सेट ७,८००, टोकाचं बेअरिंग १,६५०, बुश आणि नीडल १,४००, रिलीज बेअरिंग १,३००, तेल १,३००, बाकी सीलं, लेथ, सीलंट असं किरकोळ, मिळून २१ हजार ४००. पार्टची खोकी आणि दुकानाच्या पावत्या दिल्या, जुने पार्ट एका पिशवीत भरून डिकीत ठेवले, मी न मागता. पण बिल आधी वहीच्या पानावर. मला पक्कं बिल पाहिजे होतं, वॉरंटी म्हणून काहीतरी कागद असावा म्हणून, तर त्यासाठी थोडं मागे लागावं लागलं, "देतो की, कुठं पळून जातोय" असं म्हणत शेवटी त्यांच्या मुलाने कॉम्प्युटरवर काढून दिलं. सहा महिने लेबरची जबाबदारी असं त्यावर हाताने लिहून सही केली. घासाघीस मी केली नाही, कारण प्रत्येक टप्प्याला आधी आकडा सांगितला होता आणि शेवटचा आकडा तोच निघाला.

परत येताना कराडच्या आसपास डॅशबोर्डवरचं घड्याळ एकदम बारावर गेलं आणि रेडिओचे सगळे स्टेशन उडाले. पोटात गोळा आला. फोन केला, पहिल्या रिंगला उचलला, "बॅटरी काढली होती ताई, टर्मिनल ढिलं राहिलं असणार, दहा नंबरचा पाना लागतोय." पेट्रोल पंपावर आवळून घेतलं, त्यानंतर काही नाही. एवढं काम केल्यावर टर्मिनल ढिलं राहणं हे बरोबर नाही, बोनेट लावायच्या आधी एकदा हात फिरवायला पाहिजे होता. चाकाच्या आतल्या प्लॅस्टिकची एक क्लिप पण नव्हती, ती इथे जळगावला बसवली. त्यानंतर गाडी नाशिकला जाऊन आली, संभाजीनगरला जाऊन आली, पाचवा लोण्यासारखा पडतोय असं मिस्टर म्हणतात, आणि परवा सर्व्हिसिंगला वर घेतली तेव्हा मी स्वतः वाकून सीलं बघितली.

ऑटोमॅटिकवाल्यांसाठी, मी विचारलं होतं. एएमटी असेल तर आतला गिअरबॉक्स मॅन्युअलसारखाच असतो, फक्त क्लच आणि गिअर टाकायला वर मोटर-पंप बसवलेला असतो, ते काम करतात, स्कॅनरने क्लच शिकवायचं पण त्यांच्याकडे होतं. सीव्हीटी आणि ड्युअल क्लच या दुसऱ्या प्रकारच्या ऑटोमॅटिक घेत नाहीत, तोंडावर नाही सांगतात, त्यासाठी पुणे किंवा बेळगाव बघा म्हणाले.

गाडी ओढून आणणार असाल तर आधी फोन करा. गल्ली अरुंद आहे, मोठा फ्लॅटबेड आत वळत नाही, मेन रोडला उतरवून पोरं ढकलत आणतात, क्लच दाबायला कोणीतरी गाडीत बसायला लागतं. सोमवारी बंद. दुपारी दोन ते तीन जेवायला जातात, तेव्हा शटर अर्धं खाली दिसलं तरी घाबरू नका.